तान्हीनं टाकलेला वाटा

तान्ह्या लेकराला दारूच्या जागी नेऊ नये, असं माझं मत आहे आणि ते मी कोणाच्याही तोंडावर सांगते. मध्यंतरी आमच्या शाळेतल्या एका तरुण शिक्षकानं मुलाच्या पहिल्या वाढदिवसाची पार्टी दिली, ती एका बारच्या वरच्या मजल्यावर. आता नागपुरात असे बार निघाले आहेत. बाहेर पाटी असते, 'फॅमिलीसाठी वेगळी सोय'. आत गुळगुळीत फरशी, रंगीत दिवे, कूलर. खाली पुरुष पीत बसतात, वर बायका-मुलं आइस्क्रीम खातात. मी गेले, लेकराच्या हातात खेळणं दिलं, खुर्चीवर टेकले. तेवढ्यात बाप खालून ग्लास घेऊन वर आला, लेकरानं त्यात बोट बुडवलं आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिलं. मी उठले नि घरी आले.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये तो म्हणाला, "मॅडम, एवढं काय झालं? लेकराले काय समजते तिथं?"

मी म्हटलं, "सगळं समजतं. तेच तर सांगते आहे."

त्याला वाटलं, मी धुराबद्दल बोलते, शिव्यांबद्दल बोलते. ते आहेच. पण माझं कारण वेगळं आहे, आणि ते मी आजवर कोणाला सांगितलं नाही. मी बी.ए. झालेली बाई. आमच्या गल्लीतली पहिली. हे सांगताना मी आवाज खाली करत नाही, आणि म्हणूनच पुढचं सांगायला मला इतकी वर्षं लागली.

आमची वस्ती मिलच्या मागं. मी फार लहान असताना आमच्या घरानं धम्म घेतला. बाबांनी देव्हारा उचलून नदीत सोडला, दारू सोडली, आणि पितरांना पान वाढणंही बंद केलं. "मेला तो गेला. त्याले भूक लागत नाही," असं ते म्हणत. घरात हे वाक्य इतकं ऐकलं होतं की पुढं तर्कशास्त्राच्या तासाला मला काही नवीन वाटलं नाही. मी मॅट्रिकला असताना बाबा वारले. मोठ्या भावानं शाळा आधीच सोडली होती. तो मिलमध्ये लागला आणि त्यानं मला शिकवलं. पदवीचा कागद आला तेव्हा त्यानंच त्याला काच लावून आणली आणि बाहेरच्या खोलीत खिळा ठोकला. मग मी एका शाळेत शिक्षिका झाले.

भावाची बायको, माझी वहिनी, भिवापूरकडची. लग्नाआधी माहेरी मिरचीची देठं खुडायचं काम केलेली. इथं आल्यावरही आजूबाजूच्या घरांची मिरची ती खुडून द्यायची, चुलीजवळच्या कोपऱ्यात बसून. मिरचीचा हात धुतला तरी जात नाही. म्हणून ती कोणाच्याही गालाला तळहात लावत नसे. हात उलटा करून, बोटांच्या पाठीनं गाल कुरवाळायची. मला हसू यायचं. सगळं घर तिच्यामुळं बारीक ठसकत असायचं.

मुलगी झाली आणि काही आठवड्यांतच वहिनी तापानं गेली. वंदना झाली, पुण्यानुमोदन झालं, पांढऱ्या कपड्यांतली माणसं आली नि गेली. नंतर घरात तिचं नावच निघेना. भाऊ बोलेना, माय बोलेना, मी वह्या तपासत बसायची. बोलायची ती फक्त तान्ही. दिवेलागण झाली की ती रडायला लागायची. भुकेचं रडणं नव्हे ते. चुलीकडच्या कोपऱ्याकडे मान वळवून, एका सुरात, थांबायचीच नाही. माय विड्या वळता वळता कानावर हात ठेवायची.

एक दिवस शाळेतून आले तर घर शांत. माय एकटीच. मी विचारलं, "पोट्टी कुठं आहे?"

"भाऊ घेऊन गेला फिराले."

"कुठं?"

माय सुपातल्या पानांकडे बघत म्हणाली, "रडत नाही तिथं. गुमान बसते. मले बी जराक पाठ टेकाले भेटते. तू नको इचारू."

मी विचारायची गरजच नव्हती. पहिली पाळी करून आलेला माणूस संध्याकाळी कुठं जातो, हे आमच्या वस्तीत सगळ्यांना माहीत. भट्टी. देशी दारूच्या दुकानाला आमच्याकडे भट्टीच म्हणतात. वहिनी गेल्यापासून भाऊ जायला लागला होता, बाबांनी सोडलेली वस्तू हातात धरायला लागला होता. ते मी गिळलं होतं. पण तान्हीला घेऊन?

त्या रात्री जेवताना मी बोलले. "भाऊ, ती जागा लेकराची नाही."

"काहून?"

"तिथं काय हवा असते, काय भाषा असते. लहान जिवावर संस्कार होतात."

"बाई, पुस्तकातलं नको बोलू," तो म्हणाला. तो मला कधी तोडून बोललेला नव्हता. "तू येऊन पाय एकदा. कोनी मोठ्यानं बोलत बी नाही तिथं."

मी गेले. भट्टीत बाई जात नाही. मी शाळेतून परस्पर गेले, सायकल भिंतीला टेकवली आणि आत शिरले. टिनाचं छप्पर, लांब बाकडी, समोर जाळीची खिडकी, त्यातून मालक बाटली नि ग्लास सरकवायचा. व्होल्टेज कमी होतं. बल्बची तार नुसती लाल दिसत होती.

गोंधळ असेल असं मला वाटलं होतं. गोंधळ नव्हता. भरलेल्या खोलीत एक हलकी कुजबुज होती, आणि कोणीही शेजारच्याशी बोलत नव्हतं. सगळ्यांच्या माना जमिनीकडे. मला समजायला थोडा वेळ लागला. ग्लास भरला की माणूस आधी त्यात बोट बुडवायचा, थेंब जमिनीवर झटकायचा आणि हळूच म्हणायचा, "घे गा." कोणी म्हणायचा, "घे माय." माझ्या बाजूच्या बाकड्यावरचा एक तरणा माणूस म्हणाला, "घे रे पोट्ट्या." मग ते जरा थांबायचे, आपल्या हातातून कोणी काही घेत असताना आपण थांबतो ना, तसे. आणि मग स्वतः प्यायचे.

याला तिथं वाटा म्हणत. मेलेल्याचा वाटा. घराघरांतून जे आम्ही काढून टाकलं होतं, ते इथं येऊन बसलं होतं. भट्टीवर कोणी उपदेश करायला गेलं नव्हतं, म्हणून राहिलं असेल.

जमीन मातीची होती. उन्हाळ्याचे दिवस, नागपूरची माती तडकून तिच्यात बोट जाईल अशी भेग पडते, आणि त्या खोलीतली मधली जमीन काळी, ओली, पाय ठेवला की दबणारी. मालक तिथं सिमेंट करणार होता, ते पिणाऱ्यांनी करू दिलं नाही, हे मला नंतर कळलं. सिमेंट केलं तर वाटा खाली कसा उतरेल, असं म्हणाले.

भाऊ कोपऱ्यातल्या बाकड्यावर बसला होता. मांडीवर तान्ही, समोर आमच्या घरची दुधाची वाटी. त्यानं तिचं बोट धरून दुधात बुडवलं. "दे आईले," तो म्हणाला. "म्हन, घे वं." आणि तिचं बोट झटकलं. बाकीचे सगळे खाली बघत होते. तान्ही खाली बघत नव्हती. ती समोर बघत होती, जमिनीपासून जरा वर, बसलेल्या बाईचं तोंड असेल तेवढ्या उंचीवर. आणि हसत होती.

मी तिला उचललं. जाळीमागून मालक म्हणाला, "मास्तरीनबाई, इथं बाया येत नाहीत."

"मग ही कोण आहे?"

"ते तान्हं हाये. तान्ह्याले कोनी बाईत मोजत नाही, मानसात बी नाही."

उंबरा ओलांडला आणि तिनं रडणं सुरू केलं, मान मागं वळवून, तेच एका सुरातलं. सायकल तिथंच सोडून मी तिला खांद्यावर घेऊन घरी आले. गल्लीभर बायका दारात उभ्या राहून बघत होत्या.

त्यानंतर रोज भांडण. मी काय काय नाही बोलले. भाऊ ऐकून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी परत घेऊन जायचा. मी शाळेत, मग शिकवण्या. माझ्या जाण्या-येण्याच्या मध्ये त्याची वेळ बरोबर बसायची. माय त्याच्या बाजूची. हळूहळू मी थकले.

पोरगी बसायला लागली, रांगायला लागली. तिचा पहिला शब्द आला तो 'घे'. आजूबाजूच्यांना कौतुक. "दानशूर हाये वं पोट्टी, 'दे' नाही म्हनत, 'घे' म्हनते." तो शब्द ती कुठं शिकली ते मला माहीत होतं. घरी दूध पाजताना ती आता स्वतःच बोट बुडवायची आणि चुलीजवळच्या कोपऱ्याकडे झटकायची. "घे." वहिनी जिथं देठं खुडत बसायची, नेमकं तिथं. त्या कोपऱ्याबद्दल तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. लेकरं अशीच कुठंतरी बघतात, असं मी स्वतःला समजावलं.

एक दिवस सकाळी माय म्हणाली, "तिथं ओलं दिसते."

"दूध सांडतं रोज. दिसणारच."

"म्या रातीच सारवून कोरडं केलं होतं."

मी हात लावून बघितलं. थंड आणि ओलं. मायनं पाण्याचा माठ उचलून त्या जागी नेऊन ठेवला. म्हणजे कोणी विचारलं तर माठाची ओल आहे, असं म्हणता येईल. माझी माय शाळेत गेली नव्हती. पण तिच्या डोक्याला तोड नव्हती.

भट्टीवर एक बँडवाला यायचा. लग्नाच्या वरातीत क्लॅरिओनेट वाजवायचा. पोरगी त्याला आवडायची. तिच्यासमोर तो बोटं हलवून खोटंच वाजवून दाखवायचा. एका संध्याकाळी भाऊ हसत हसत घरी आला, कितीतरी महिन्यांनी हसताना दिसला, आणि आम्हाला सांगायला लागला.

"आज पोट्टीनं गंमत केली. बँडवाला समोर बसला होता, तं हिनं बोट बुडवलं अन त्याच्याकडेच झटकलं. घे, म्हने. तो म्हन्ते, मले काहून वं माय, मी जिता हाव अजून. सारी भट्टी हासली."

मायचे विड्या वळणारे हात थांबले. "सारी हासली?"

"एक म्हातारा नाही हासला."

काही दिवसांनी एका वरातीत चालता चालता तो बँडवाला रस्त्याच्या कडेला बसला. लोकांना वाटलं, दम खातो आहे. बाजा मांडीवर, बोटं भोकांवर ठेवलेली. वरात पुढं गेली. मागून कोणीतरी उठवायला आलं तेव्हा तो गेलेला होता.

त्याचे डोळे कितीतरी दिवसांपासून हळदीसारखे पिवळे होते. हे सगळ्यांनी बघितलेलं होतं. मी ते मोठ्यानं सांगितलं. घरात, नळावर, दुकानात. लोक मान हलवायचे. "हो बाई, कावीळच असन." आणि कडेवरच्या पोरीकडे बघून एक पाऊल मागं सरायचे.

भट्टीचा मालक दिवसाउजेडी आमच्या दारात आला. आत बोलावलं तरी आला नाही, ओट्यावरही चढला नाही. मला म्हणाला, "मास्तरीनबाई, तुमी म्हनत होत्या ना, लेकरू आनू नये म्हून. तुमचं खरं हाये. तुमच्या भावाले सांगा, आता आनू नका."

"इतक्या दिवसांनी पटलं?"

"शिकलेल्या मानसाचं पटाले टाइम लागते," असं म्हणून तो गेला. मला जे हवं होतं ते झालं होतं, आणि मला एवढी भीती त्याआधी कधी वाटली नव्हती.

कारण भट्टी सुटली, पण वाटा गल्लीत आला. पोरगी अंगणात आली की शेजारणी आपली लेकरं आत ओढायच्या. पहिलटकरीण असलेली एक जण तर आमच्या घरासमोरून जाताना पदर तोंडावर घ्यायची. कोणी तोंडावर काही बोलत नव्हतं. फक्त एवढंच म्हणायचं, "लेकराचं बोट ओलं नका राहू देऊ वं." एवढ्याशा जिवाचं आमच्या गल्लीत नाव पडायला लागलं होतं, आणि वस्तीत एकदा नाव पडलं की ते लग्नापर्यंत सोबत चालतं, हे कोणाला सांगायला नको. ती बोलायला शिकली होती एक शब्द, आणि त्या एका शब्दानं तिला घर-दार बंद होत होतं.

एक दिवस शाळेतून आले तर पोरगी झोळीत बसलेली, आणि तिच्या झबल्याच्या बाह्या लांब सोडून टोकाशी शिवून टाकलेल्या. हात आत बंद. ती दोन्ही कापडी गाठोडी एकमेकांवर आपटत होती. आवाज येत नव्हता. ते बघून माझ्या अंगावर काटा आला. भट्टीत आला नव्हता.

"माय, हे काय आहे?"

"थंडी हाये," माय म्हणाली.

थंडी नव्हती. मी कात्री घेतली आणि टाके कापले. मायनं अडवलं नाही. हात मोकळे झाले तसा पोरीनं उजवा हात उचलला, उलटा केला, आणि बोटांच्या पाठीनं माझा गाल कुरवाळला.

मी कात्री खाली ठेवली. मागं वळून मायकडे बघितलं. ती सूप घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसली होती.

भाऊ आता भट्टीवर जात नव्हता. घरीच बसायचा. असाच एकदा जेवायला बसला होता, पोरगी माझ्या मांडीवर, शेजारी पाण्याचा लोटा. माझं लक्ष नव्हतं. तिनं लोट्यात बोट घातलं आणि भावाकडे झटकलं.

"घे."

थेंब त्याच्या कपाळावर पडले. त्यानं ते पुसले नाहीत. हातातला घास ताटात ठेवला, उठला, आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. सकाळी मिलचा भोंगा झाला, तो उठला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. डॉक्टर आणला, डॉक्टर म्हणाले, अंगात काही नाही. पण तो खाईना. जेवण समोर ठेवलं की म्हणायचा, "आता कायले." माणूस असा डोळ्यांदेखत वाळू शकतो हे मला माहीत नव्हतं.

मग एका दुपारी त्यानं मला जवळ बोलावलं. "बाई, पोट्टीले भिवापूरले तिच्या मामाकडे पाठव. मी राहीन नाही राहीन. अन इथं तिले कोनी जगू देनार नाही."

"तू मेलास तर तिच्यामुळं नाही मरणार, उपाशी राहून मरशील."

"तुले नाही समजत. तिले दिसते."

"काय दिसतं?"

तो भिंतीशीच बोलल्यासारखं म्हणाला, "मी तिले भट्टीवर काहून नेत होतो, सांगू? दारू तं मी बाहेर उभा राहून बी पेलो असतो. ते मेली, अन घरात कोनी तिचं नाव घेईना. बाबानं सारं काढून टाकलेलं. मी घरी एक थेंब टाकला असता, तं तू हासली असती. म्हनली असती, मेलेल्याले भूक लागत नाही. तिथं कोनी हासत नाही. तिथं सारे देतात. म्हनलं, पोट्टीच्या हातचं तरी भेटू दे तिच्या आईले."

मी हसले असते का? हसले नसते, पण बाबांचं वाक्य नक्की म्हटलं असतं. मला तेच येत होतं. मी त्याच्या उशाशी पाणी ठेवलं आणि म्हटलं, "पोरगी कुठं जाणार नाही. रविवारपर्यंत थांब."

रविवारी सकाळी मी आंघोळ करून शाळेत जाताना नेसते ती पांढरी साडी नेसले, पोरीला कडेवर घेतलं, घरची ती दुधाची वाटी घेतली आणि नळावर गेले. पावसाळ्याचे दिवस होते, पण उघडीप होती. नळावर गर्दी. आम्हाला बघून बायका भांडी घेऊन मागं सरल्या. मी मध्ये, ओट्यावर बसले, पोरीला समोर बसवलं. वाटीत पाणी घेतलं.

"काय करून राहिली वं बाई?" एकीनं विचारलं.

"तुम्ही सगळ्या म्हणता ना, ही ज्याच्यावर पाणी टाकते तो जातो. म्हणून माझ्यावर टाकून घेते. तुमच्यासमोर. मग मोजा माझे दिवस."

"असं नको करू, मास्तरीन हाये तू," एक म्हातारी म्हणाली.

"मास्तरीन आहे म्हणूनच." मी पोरीसमोर वाटी धरली. "दे मले," मी म्हटलं. शाळेची भाषा तिच्याशी बोलून उपयोग नव्हता. "दे वं माय. मले दे."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग बोट पाण्यात घातलं. नळावर वाहत्या पाण्याशिवाय दुसरा आवाज नव्हता. तिनं बोट उचललं, आणि तिची नजर माझ्यावरून सरकून माझ्या डाव्या बाजूला गेली. तिथं कोणी नव्हतं, रिकामा ओटा. तिचं तोंड उजळलं, तसंच, जसं भट्टीत उजळलं होतं.

आता ती तिकडे टाकणार, हे मला कळलं. आणि तिकडे पडलं तर संपलं. सगळ्या वस्तीनं बघितलं असतं की हिला तिथं कोणी दिसतं. मी विचार केला नाही. बसल्या जागेवरून डावीकडे सरकले.

"घे," ती म्हणाली, आणि थेंब माझ्या तोंडावर आले.

त्याच क्षणी मला ठसका लागला. असा लागला की डोळ्यांतून पाणी आलं. माझ्या मागं दोघी-तिघी बायकाही खोकल्या. मी पदरानं डोळे पुसले, उभी राहिले आणि म्हटलं, "पडलं. बघितलं सगळ्यांनी?"

मी वाटी उपडी केली आणि पोरीला कडेवर घेतलं.

त्यानंतर मी रोज सकाळी शाळेला जाताना मुद्दाम नळावरून सायकल न्यायची. रस्ता लांबचा, पण न्यायची. बायका हातातली कामं थांबवून बघायच्या. एक जण रोज विचारायची, "बरं हाये ना वं बाई?"

"ठणठणीत. तुमचं कसं?"

आठवडे गेले. मी साधी शिंकलेसुद्धा नाही. शिंक आली तर दाबून धरायची. भाऊ खाटेवरून दारातून मला जाताना बघायचा आणि परत येताना बघायचा. आधी त्यानं पेज घेतली, मग भाकर. एक दिवस संध्याकाळी मी सायकल आत घेत होते, तो म्हणाला, "तू अजून मेली नाही वं."

"नाही. उद्या तपासणी आहे शाळेत."

तो हसला. दुसऱ्या दिवशी भोंगा झाला तेव्हा तो डबा घेऊन बाहेर पडलेला होता. नळावरची म्हातारी एक दिवस आमच्या ओट्यावर आली आणि तिनं पोरीच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. हळूहळू बाकीची दारं उघडली.

माठ मी उचलून पुन्हा त्याच्या जागी ठेवला. भावाला म्हटलं, "तुला द्यायचं ते इथं दे. घरात. कोणी हसणार नाही. पण पोरीला पुन्हा त्या जागी नेलंस तर मी तुझी बहीण नाही." तेव्हापासून रोज दिवेलागणीला चुलीजवळ दुधाचा एक थेंब पडतो. भट्टीवर भाऊ पुन्हा गेला नाही. वर बाबांचा फोटो आहे, बाजूला माझी पदवी. बाबा असते तर बोलले असते. मीही त्यांना उत्तर दिलं असतं.

पोरगी आता मॅट्रिकला बसेल. गणितात चांगली आहे. भट्टी तिला आठवत नाही, नळ आठवत नाही, आणि आम्ही सांगितलेलं नाही. फक्त कोणाच्या गालाला हात लावायचा झाला तर उलटा लावते. भावाकडून उचललं असेल. वहिनीची ती सवय त्याला लागली होती की नाही, ते मी त्याला विचारलेलं नाही.

आणि एक गोष्ट आहे. नळावर तो थेंब माझ्यासाठी नव्हता. मी मध्ये सरकून दुसऱ्या कोणाचा तरी वाटा घेतला, आणि तो आजवर माझ्याकडे आहे. ठसक्याचं म्हणाल, तर पावसाळ्यात आमच्याकडे कोणी मिरची कांडत नाही, खुडतही नाही. कोणाच्या तरी चुलीवर फोडणी जळाली असेल. मी बी.ए. झालेली आहे. मी एवढंच म्हणते.